हात पोचत नाही तिथला फिल्टर

डॉज रॅम ही अमेरिकेतली अवजड कामाची पिकअप गाडी. घोड्यांचा ट्रेलर ओढणे, रस्त्यावरचा बर्फ लोटणे, शेतातले गवताचे भारे वाहणे, असल्या कामांसाठी तिकडचे लोक ती घेतात. त्यांतले पुष्कळ जण चारही चाकांना जोर देणारी, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हचीच घेतात. 1989 च्या मॉडेलपासून या गाडीत कमिन्स कंपनीचे 5.9 लिटरचे, सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन मिळू लागले आणि गाडीचे नशीबच पालटले. त्या इंजिनाच्या दणकटपणाचे गोडवे गाणारे मालक आजही कमी नाहीत. त्यांची एक तक्रार मात्र जुनी आहे: ऑइल फिल्टर बदलायला हात पोचत नाही. हा फिल्टर इंजिनाच्या उजव्या अंगाला, टर्बोच्या खालच्या बाजूला, तोंड वर करून टांगलेला असतो. वरून जावे तर टर्बो आणि त्याच्याकडे जाणारी हवेची जाड नळी आड येते. खालून जावे तर पुढचा अखंड ॲक्सल आणि चॅसिस. बाजूने जावे तर चाकाच्या कमानीतले प्लास्टिकचे अस्तर आधी सोडवावे लागते. तिन्ही वाटांनी फिल्टर दिसतो, पण हात आणि पाना असे दोन्ही एकदम आत मावत नाहीत. या इंजिनात सुमारे अकरा लिटर ऑइल असते आणि त्यातले लिटरच्या आसपास एकट्या फिल्टरमध्ये साठलेले असते. भरलेला तो निसरडा डबा सरळ धरून, न सांडता, त्या खबदाडातून बाहेर काढायचा म्हणजे मनगटाची कसोटी.

या त्रासाचे खापर इंजिनावर फोडले जाते, पण इंजिनाची जन्मकथा वेगळेच सांगते. कमिन्सने हे ‘बी-सीरिज’ इंजिन 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जे. आय. केस या कंपनीबरोबर मिळून तयार केले. केस ही ट्रॅक्टर आणि बांधकामाची यंत्रे बनवणारी कंपनी. म्हणजे हे इंजिन मुळात शेतावर आणि खाणीवर राबायला जन्मले. तिथे यंत्राची देखभाल चालवणाराच करतो, तीही उघड्यावर, किलोमीटर न मोजता तास मोजून. साहजिकच त्या धंद्यात हात कुठे पोचतो याला फार किंमत आहे. अमेरिकेतल्या ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने अशा यंत्रांसाठी जे-817 नावाची मार्गदर्शिकाच केलेली आहे. देखभालीची जागा किती उंचीवर आहे, तिथे पोचायला काय काय सोडवावे लागते, काम किती वेळा करावे लागते, या सगळ्याला तीत गुण दिले जातात. गुण जितके जास्त तितके यंत्र देखभालीला वाईट. याच घराण्याचे इंजिन आपल्यालाही परके नाही. 1962 मध्ये किर्लोस्कर कमिन्स या नावाने पुण्यात पाय रोवलेल्या कमिन्सने पुढे टाटांच्या भागीदारीत जमशेदपूरला बी-सीरिज इंजिने बनवायला सुरुवात केली आणि टाटांच्या ट्रकांतून ती देशभर धावली. ट्रकचा सांगाडा उंच असतो. त्याच्या खाली माणूस उकिडवा बसून काम करू शकतो, त्यामुळे तिथे फिल्टर बदलणे ही कुणाच्या गप्पांत येण्याजोगी गोष्टही नाही. इंजिन तेच, फिल्टरचा डबाही त्याच जातीचा, पण पिकअपच्या बॉनेटखाली शिरला की डोकेदुखी. अडचण इंजिनात नव्हती, ते ज्या पेटीत बसवले त्या पेटीत होती.

माझे म्हणणे असे, की ही अडचण केवळ मेकॅनिकच्या गैरसोयीची बाब मानून सोडून देता येत नाही. फिल्टर किती चांगले गाळतो हे त्याच्या कागदाच्या छिद्रांवर जितके अवलंबून असते, तितकेच तो बदलणाऱ्याच्या मनगटाला किती जागा मिळते यावरही असते. उत्तम कागदाचा फिल्टर वेळेवर बदलला गेला नाही तर त्याचा उत्तमपणा कागदावरच राहतो. आणि वेळेवर न बदलण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे हात न पोचणे. पण नुसते म्हणून भागत नाही. त्यासाठी फिल्टर नेमके काय करतो आणि तो दमल्यावर काय होते, हे आधी पाहायला हवे.

डिझेल गाडीचे ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत डिपस्टिकवर ते पुन्हा काळेभोर दिसते आणि मालकाला वाटते, फिल्टर कुचकामी निघाला. हा समज चुकीचा आहे. ऑइलला काळे करते ती काजळी. डिझेल जळताना तिचे कण तयार होतात आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून काही वायूबरोबर खाली ऑइलमध्ये उतरतात. काजळीचा एकेक मूळ कण मायक्रॉनच्या काही शतांशांएवढा असतो आणि त्यांचे पुंजकेही बहुधा एका मायक्रॉनच्या आत राहतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे प्रमाण कळेल. नेहमीचा ऑइल फिल्टर वीस-तीस मायक्रॉनच्या वरचे कण भरवशाने पकडतो, त्याहून बारीक कणांतले काही पकडतो आणि बाकीचे सोडून देतो. काजळी अडवणे हे त्याचे कामच नाही. ते काम ऑइलमधली रसायने करतात. काजळीचे कण एकमेकांना चिकटून गोळे होऊ नयेत म्हणून ती त्यांना सुटेसुटे तरंगत ठेवतात. ऑइल काळे झाले म्हणजे ही रसायने कामाला लागली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. कागदाला न जमणारे हे काम करायला लँड रोव्हरने आपल्या टीडी-5 या डिझेल इंजिनात नेहमीच्या फिल्टरच्या जोडीला ऑइलच्याच दाबावर गरगर फिरणारा एक सेंट्रिफ्यूज बसवला होता. त्याच्या भिंतीवर काजळीचा घट्ट थर बसतो. पण असा जोडफिल्टर बहुतेक गाड्यांत नसतो.

मग साधा फिल्टर अडवतो ते काय? बेअरिंग, रिंगा, सिलिंडर यांची झीज होऊन सुटलेले धातूचे कण, जळक्या कार्बनचे कडक तुकडे आणि हवेबरोबर आत आलेली धूळ. फोर-व्हील ड्राइव्हच्या बाबतीत यातली धूळ सर्वांत महत्त्वाची. या गाड्या कच्च्या रस्त्यावर, खाणीत, नांगरटीत फिरतात. एअर फिल्टरचे रबर नीट बसले नसेल किंवा हवेच्या नळीची क्लिप सैल असेल, तर वाळूचा बारीक भुगा थेट सिलिंडरमध्ये जातो आणि तिथून ऑइलमध्ये उतरतो. वाळूतली सिलिका इंजिनातल्या बहुतेक धातूंहून कठीण असते. उलट क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये धातूला धातू लागू न देणारा ऑइलचा पापुद्रा जोराच्या कामात अवघ्या काही मायक्रॉनचा उरतो. त्या पापुद्र्याहून फार मोठा कण बहुतेक वेळा फटीत शिरतच नाही आणि फार बारीक कण काही न करता निघून जातो. घात करतो तो मधला, पापुद्र्याच्याच मापाचा. तो दोन्ही पृष्ठभागांना एकदम घासतो. अमेरिकेत 1988 मध्ये डी. आर. स्टेली या अभियंत्याने फिल्टरचा बारीकपणा आणि इंजिनाची झीज यांचा संबंध मोजून दाखवणारा निबंध एसएईकडे सादर केला. 40 मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत 30 मायक्रॉनच्या फिल्टरने झीज निम्म्यावर आली आणि 15 मायक्रॉनच्या फिल्टरने ती सत्तर टक्क्यांनी घटली, असा त्याचा निष्कर्ष होता. यावर आक्षेप घेतला जातो तो असा, की हा प्रयोग झीज लवकर दिसावी म्हणून मुद्दाम धूळ घालून केलेला होता. रोजच्या वापरात एवढी धूळ ऑइलमध्ये जातच नाही. आक्षेप रास्त आहे आणि म्हणून ते आकडे आपल्या गाडीला जसेच्या तसे लावणे बरोबर नाही. पण झीज कोणत्या मापाच्या कणांनी होते हे त्यातून कळते, ते धुळीच्या प्रमाणावर अवलंबून नाही. आणि गाडी शहरातल्या डांबरी रस्त्यावर फिरत असेल तर धूळ कमी, हे खरे; पण तशीच फिरवायची असेल तर फोर-व्हील ड्राइव्ह कशाला घेतली, हाही प्रश्न आहेच.

आता फिल्टर दमल्यावर काय होते ते पाहू. वीस वर्षे गॅरेज चालवणाऱ्यांनाही कधीकधी असे वाटते, की फिल्टर पूर्ण चोंदला तर ऑइल अडेल, दाबाचा लाल दिवा लागेल आणि मालकाला कळेल. तसे होत नाही, कारण तसे होऊ नये अशी व्यवस्था मुद्दाम केलेली असते. फिल्टरच्या आत किंवा इंजिनावरच्या त्याच्या बैठकीत स्प्रिंगवर चालणारी एक छोटी झडप असते. तिला बायपास व्हॉल्व्ह म्हणतात. कागदाच्या दोन बाजूंच्या दाबांत ठरावीक फरक पडला, म्हणजे साधारण एक बारच्या आगेमागे, की ती उघडते आणि ऑइल कागदाला वळसा घालून थेट बेअरिंगकडे जाते. झडप बसवण्यामागचा विचार चोख आहे: अस्वच्छ ऑइल मिळणे हे ऑइलच न मिळण्यापेक्षा केव्हाही बरे. थंडीत सकाळी ऑइल घट्ट असताना ती थोडा वेळ उघडतेच आणि त्यात काही बिघडत नाही. पण फिल्टर चोंदल्यावर ती उघडीच राहू लागते. दाब ठीक, आवाज ठीक, दिवा विझलेला, गाडी नेहमीसारखी पळते आहे आणि इंजिन मात्र फिल्टरवाचून चालले आहे. मोठ्या यंत्रांत फिल्टर चोंदल्याचा इशारा देणारी सोय कधीकधी असते, पण रस्त्यावरच्या गाडीत ती जवळजवळ नसतेच. दुर्लक्षाची शिक्षा लगेच मिळाली असती तर माणसे सावध राहिली असती. इथे ती काही वर्षांनी मिळते आणि तेव्हा तिचा संबंध त्या न बदललेल्या फिल्टरशी कुणी जोडत नाही. हात न पोचण्याचा खरा धोका इथे आहे. काम अवघड, टाळले तर काही दिसत नाही, मग ते टळणारच.

यावर जुने लोक म्हणतील, फोक्सवॅगन बीटलमध्ये कुठे होता फिल्टर? खरे आहे. त्या गाडीच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात बदलण्याजोगा फिल्टर नव्हता, एक तारेची जाळी होती, आणि तरी ती गाडी जगभर चालली. पण बीटल हा या वादात उलट बाजूचा साक्षीदार आहे. तिच्यात अडीच लिटरच ऑइल होते आणि ते थोड्याथोड्या अंतराने बदलायला सांगितलेले असे. गाळणे नव्हते म्हणून ओतून टाकणे होते. शिवाय ते पेट्रोल इंजिन होते, त्यामुळे काजळीचा प्रश्न फारसा नव्हता आणि टर्बोही नव्हता. अकरा लिटरचे ऑइल दहा-पंधरा हजार किलोमीटर वापरायचे आणि त्यावर मिनिटाला लाखभर फेऱ्या मारणारा टर्बो तरंगवायचा, तर जाळी पुरत नाही. ऑइल गाळण्याचा शोध तर बीटलहूनही जुना. अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहॅल्घ यांनी 1923 मध्ये प्युरोलेटर हा मोटारीचा फिल्टर आणला. त्या काळच्या फिल्टरांतून ऑइलचा थोडाच भाग वळवून गाळला जाई आणि बाकीचे तसेच बेअरिंगकडे जाई. सगळे ऑइल आधी गाळून मगच इंजिनाला देण्याची पद्धत सार्वत्रिक झाली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: दर वेळी फिल्टर बदलायलाच हवा का? एके काळी अमेरिकेतल्या काही मोटारींच्या पुस्तिकांत दर दुसऱ्या ऑइलबदलीला फिल्टर बदला, असेच छापलेले असे. हिशेब केला तर रॅमसारख्या गाडीत फिल्टर न काढता ऑइल बदलले, तर नव्या ऑइलमध्ये दहावा हिस्साही जुने ऑइल मिसळत नाही. एवढ्याने इंजिन मरत नाही, हे मान्यच करायला हवे. पण ती पुस्तिका लिहिणाऱ्याने ऑइलबदलीचे अंतर कमी धरलेले होते, त्यामुळे दोन बदल्या मिळून फिल्टरला पडणारे अंतर आजच्या एका बदलीएवढेच येई. आजचे लांबलेले अंतर दुप्पट केले तर फिल्टर कुणीही न तपासलेल्या प्रदेशात जातो. आणि व्यवहारात ‘पुढच्या वेळी बदलू’ हे वाक्य एकदाच उच्चारले जात नाही.

म्हणून ते काम करायचे कसे, हे जरा जवळून पाहू. इंजिन कोमट असावे, तापलेले नको. गरम ऑइल पातळ होऊन सगळे निथळते, पण टर्बोजवळ उघडा हात घालायचा आहे, हे विसरून चालत नाही. गाडी सपाट जागी, चाकांना उटी लावलेली, आणि खाली शिरायचे असेल तर जॅकवर विसंबायचे नाही, लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) टेकवायची. इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइल चेंबरचा ड्रेन नट काढून ऑइल निथळू द्यायचे. मग वाट ठरवायची. रॅममध्ये वरून जाणारे लोक एअर फिल्टरकडून टर्बोकडे येणारी नळी सोडवतात. ती निघाली की टर्बोचे तोंड उघडे पडते आणि तिथे स्वच्छ फडके किंवा टोपण लगेच लावणे हे या सगळ्या कामातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे, कारण निसटलेला एखादा स्क्रू आत गेला तर फिल्टरच्या खर्चाचा विचारही राहत नाही. बाजूने जाणारे चाक पूर्ण वळवतात किंवा काढतात आणि कमानीतले अस्तर सोडवून हात घालतात. पहिल्या वेळी ही वाट लांबची वाटते, पण हात सरळ आणि नजर फिल्टरवर, असा योग याच वाटेने जुळतो. अडचणीच्या जागी बेल्ट पाना किंवा चेन पाना फिरवायला जागाच नसते. तिथे फिल्टरच्या टोकावर टोपीसारखा बसणारा कप आणि त्याला रॅचेटचा लांब दांडा, हेच हत्यार उपयोगी पडते. फिल्टर थोडा सैल झाल्यावर पाना बाजूला ठेवून त्याच्यावर जाड प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि पिशवीसकट हाताने फिरवायचा. जे सांडायचे ते पिशवीत सांडते.

फिल्टर निघतच नसेल तर गॅरेजमध्ये एक जुना अघोरी उपाय होतो: डब्यात पेचकस आरपार ठोकायचा आणि तोच दांडा करून फिरवायचा. पत्रा पातळ असतो. बहुतेक वेळा तो फाटतो, बैठकीची चकती तेवढी इंजिनाला चिकटून राहते आणि मग तिला पकडायलाही काही उरत नाही. हा उपाय मोकळ्या जागेतही वाईट, अडचणीच्या जागेत तर आत्मघातकी. त्याआधी डब्याभोवती खरखरीत पॉलिश पेपर गुंडाळून कप बसवून पाहावा. खरे तर फिल्टर अडकतो तो मागच्या खेपेच्या चुकीमुळे. रबराची रिंग कोरडी बसवली किंवा पान्याने आवळून बसवली, की उष्णतेने ती बैठकीला धरून बसते. म्हणून नवा फिल्टर बसवताना रिंगेला बोटाने नवे ऑइल चोळायचे आणि रिंग बैठकीला टेकल्यावर हातानेच पाऊण फेरी फिरवायची. नेमके प्रमाण डब्यावर छापलेले असते. पण त्याआधी एक गोष्ट बघायचीच: जुन्या फिल्टरबरोबर त्याची रिंग निघून आली आहे का? ती कधीकधी इंजिनाच्या बैठकीवर चिकटून राहते. उजेडात, समोर असलेल्या बैठकीवर ती लगेच दिसते. टर्बोच्या सावलीत, डोके घालता येत नाही अशा जागी ती दिसत नाही, आणि बोट फिरवून पाहिले तर रिंग आणि धातू दोन्ही तेलकट, दोन्ही गुळगुळीत. तिच्यावर नवी रिंग बसवली की दोन रबरे एकमेकांवर सरकतात. इंजिन सुरू केल्यावर काही वेळ सगळे कोरडे दिसते आणि मग दाब चढल्यावर ऑइल पिचकारीसारखे बाहेर पडते. रस्त्यावर हे झाले तर काही मिनिटांत इंजिन संपते. छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन बैठक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नवा फिल्टर लावू नये, हे मी इथे सल्ला म्हणून लिहीत नाही, अट म्हणून लिहितो.

नवा फिल्टर आधी ऑइलने भरून लावावा की रिकामा, हा डिझेलवाल्यांचा लाडका वाद आहे. भरून लावण्याच्या बाजूचे कारण सरळ आहे. इंजिन सुरू झाल्यावर लिटरभराचा रिकामा डबा भरेपर्यंत काही सेकंद जातात आणि तेवढा वेळ टर्बोचे बेअरिंग जुन्या ओलाव्यावर फिरते. विरोधी कारण तितकेच सरळ, पण कमी लोकांना माहीत असलेले. फिल्टरच्या मधल्या मोठ्या भोकातून गाळलेले ऑइल बाहेर पडते. त्या भोकात कॅनमधले ऑइल ओतले, की ते न गाळताच पहिल्यांदा बेअरिंगला जाते, मग त्या कॅनच्या झाकणावरची धूळ, नरसाळ्यातला कचरा, बुचाच्या सीलचा तुकडा, सगळे त्याच्याबरोबर. रॅमच्या इंजिनात पिस्टनला खालून गार ठेवणाऱ्या ऑइलच्या बारीक तोट्या आहेत. असा एखादा तुकडा त्यांत अडकला तर तो पिस्टन तापतो. म्हणून भरायचे असेल तर कडेच्या लहान भोकांतून, सावकाश, कागदातून झिरपू देत भरायचे. आणि ज्या गाडीत फिल्टर आडवा बसतो तिथे हा वादच संपतो, कारण भरलेला डबा आडवा धरला की भरलेले सगळे हातावर. अशा वेळी रिकामा लावून इंजिन सुरू करायचे, ऑइलचा दिवा विझेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, हेच शहाणपणाचे. मग इंजिन बंद करून ऑइल खाली बसू द्यायचे, डिपस्टिक पाहायची आणि पुन्हा एकदा टॉर्च घेऊन बैठकीभोवती ओल आली आहे का ते बघायचे. निघालेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात किंवा मातीत न ओतता जुने ऑइल रीतसर गोळा करणाऱ्याकडेच द्यावे.

इथे गाडी आखणाऱ्यांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. बॉनेटखालची जागा वाढलेली नाही, तिच्यातली गर्दी मात्र वाढली आहे. इंटरकूलरच्या नळ्या, धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवणारी ईजीआरची व्यवस्था, तिचा कूलर, धक्क्यात चेपण्यासाठी मोकळा ठेवलेला पुढचा भाग, हे सगळे धूर आणि अपघात यांच्या नियमांनी आणलेले आहे आणि ते नियम योग्यच आहेत. फिल्टर ऑइल पंपाच्या जवळ असला की वाटा छोट्या राहतात आणि गळतीच्या जागा कमी होतात. लांब नळ्या टाकून तो सोयीच्या जागी हलवायचे संच बाजारात मिळतात, पण त्यांतली एक नळी फुटली तर इंजिनातले सगळे ऑइल रस्त्यावर येते. दगडगोट्यांतून जाणाऱ्या गाडीत ही भीती काल्पनिक नाही. फिल्टर थेट वर आणून बसवावा, हाही उपाय झाला आहे. फोर्डच्या 2003 ते 2007 च्या पिकअप गाड्यांतल्या 6.0 लिटरच्या पॉवरस्ट्रोक डिझेल इंजिनात फिल्टर इंजिनाच्या माथ्यावर, टोपणाखाली असतो. टोपण उघडून कागदाची नळी उचलली की खालची झडप उघडते आणि घरातले ऑइल आपोआप चेंबरमध्ये उतरते. हातही काळे होत नाहीत. पण टोपण एका मापाचे आणि फिल्टर दुसऱ्या मापाचा वापरला, तर तीच झडप नीट बंद होत नाही, ऑइल सतत मागे गळत राहते आणि दाब पडतो. त्या इंजिनात इंजेक्टरही ऑइलच्याच दाबावर चालतात, त्यामुळे प्रकरण आणखी महागात जाते. म्हणजे सोयीची जागा दिली की सगळे सुटले, असे नाही. तरीही मला ही मांडणी बरी वाटते. तिच्यातली चूक वस्तू घेताना टाळता येते. न पोचणाऱ्या हाताची चूक दर खेपेला नव्याने व्हायला तयार असते.

शेवटचा आक्षेप शहरी मालकाचा असतो: आम्ही कुठे हात घालतो, गॅरेजवाला करतो. पण हात न पोचण्याची किंमत तेव्हाही कुणीतरी देतच असतो आणि बहुधा तो गॅरेजमधला सर्वांत नवा पोऱ्या असतो. ऑइलबदलीचे पैसे ठरावीक, फिल्टर सहज निघणाऱ्या गाडीला आणि अर्धा तास झुंजवणाऱ्या गाडीला साधारण सारखेच. त्यात अप्रामाणिकपणा गृहीत धरायचे कारण नाही. घाईही तेवढाच घात करते. बैठक आरशात न पाहणे, रिंग न तपासणे, फिल्टर पान्याने आवळून टाकणे, हे सगळे घाईतून घडते आणि बिलात कुठे दिसत नाही. मालकाने करण्यासारख्या दोन-तीन गोष्टी मात्र आहेत. जुना फिल्टर परत मागावा आणि त्याची रबरी रिंग त्याच्याच अंगावर आहे का ते पाहावे. ती नसेल तर गाडी तिथून हलवू नये. नव्या फिल्टरच्या डब्यावर पेनाने तारीख आणि किलोमीटर लिहायला सांगावे. अवघड जागेच्या कामाला जास्त मजुरी मागितली तर घासाघीस करू नये. आणि डिझेल फोर-व्हील ड्राइव्ह विकत घ्यायला जाल तेव्हा सीटचे कापड आणि स्क्रीनचा आकार पाहून झाला, की बॉनेट उघडायला सांगा, ऑइल फिल्टर कुठे आहे ते विचारा, आणि विक्रेत्याला तो बोटाने दाखवता येतो का ते पाहा.